११२ लागल्यावर पुढे काय होतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागिरीच्या कार्यक्रमात आपल्याच एका सभासदांनी केलेलं हे भाषण. नागपूर पोलिसांच्या नियंत्रण कक्षात त्यांची बरीच वर्षं गेली. रेकॉर्डिंगवरून उतरवून, थोडंसं आवरून इथे देत आहोत. – संपादक मंडळ)

अध्यक्ष साहेब, सेक्रेटरी साहेब, सगळे काकाजी, काकू, वहिनी, आणि वरच्या गॅलरीतून फुकटात ऐकणारी मंडळी,

दूध आटेपर्यंत बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. विषय दिला होता ‘पोलीस आणि नागरिक’. तो काही एका पातेल्यात मावणारा नाही. म्हणून मी फक्त एका फोनबद्दल बोलणार आहे. ११२.

आधी एक गंमत सांगतो. मागच्या आठवड्यात खाली बाकावर बसलेल्या सहा-सात जणांना मी सहज विचारलं, रात्री दोन वाजता तुमच्या दाराचं कुलूप कुणी तोडतंय असं वाटलं, तर पहिला फोन कुणाला कराल? एक म्हणाले चौकीदाराला. एक म्हणाले सेक्रेटरीला. (सेक्रेटरी साहेब, तुम्ही रात्री फोन सायलेंटवर ठेवता, हे मला माहीत आहे.) एकांचा मेहुणा पीएसआय आहे, त्याला. आणि एक काकू म्हणाल्या, मी मुलाला लावेन. मुलगा पुण्याला.

आता बघा, मुलगा तिथून काय करणार? फार तर तो ११२ लावेल. पण त्याचा फोन पुण्याच्या टॉवरवरून लागेल आणि समोरच्या माणसाला पुणं दिसेल. मग ‘घटना नागपूरची आहे, मी पुण्यात आहे’ हे समजावण्यात वेळ जाईल. काकूंनी स्वतः लावला असता तर हे झालं नसतं. सहा-सात जणांत एकानेही ११२ म्हटलं नाही. आणि मी तिथेच बसलो होतो, ज्याची नोकरी त्या फोनवर गेली.

आमच्या वेळी नंबर होता १००. फोन नागपुरातच वाजायचा. उचलणारा नागपूरचाच. समोरचा माणूस घाबरून ‘मेडिकल चौकात, पानठेल्याजवळ’ एवढं बोलला तरी आम्हाला चित्र दिसायचं. चिठ्ठीवर लिहायचं, शेजारच्या वायरलेसवाल्याच्या हाती द्यायची, तो हद्दीतल्या गाडीला पुकारायचा. गाडी नेमकी कुठे आहे हे ती सांगेल तेव्हा कळायचं. ‘येतोच आहे साहेब, चौकातच आहे.’ कोणत्या चौकात, हे त्यालाच ठाऊक.

२०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत जे झालं, त्यानंतर केंद्राने निर्भया निधी उभा केला. देशभर एकच आपत्कालीन नंबर असावा ही योजना त्या पैशातून आली. हिमाचल प्रदेशाने २०१८ मध्ये सुरुवात केली, महाराष्ट्रात ११२ सुरू झाला २०२१ मध्ये. आकडा युरोपातून आला, तिथे तो १९९१ पासून ठरलेला आहे. लॉक केलेल्या मोबाइलवरूनही तो लागतो. शेजारी पडलेल्या माणसाच्या फोनचा पासवर्ड माहीत नसला तरी चालतं.

एक नंबर ठेवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. लंडनमध्ये १९३५ साली एका घराला आग लागली आणि पाच बायका गेल्या. शेजाऱ्याने फोन केला होता, पण एक्स्चेंजमध्ये बाकीच्या फोनांच्या रांगेत तो अडकला. त्यावरून गदारोळ झाला आणि १९३७ मध्ये ९९९ आला. म्हणजे हा नंबर कशासाठी जन्मला? रांग टाळण्यासाठी. आणि आपण काय करतो? आधी चौकीदार, मग सेक्रेटरी, मग मेहुणा. आपली रांग आपणच लावतो.

असो. आज ११२ लावल्यावर काय होतं ते सांगतो.

फोन तुमच्या पोलीस स्टेशनला जात नाही. तो जातो राज्याच्या कॉल सेंटरला. मुख्य केंद्र नवी मुंबईला आहे आणि दुसरं आपल्या नागपुरात. तुमचा फोन कुठल्या केंद्रात वाजेल हे तुमच्या हातात नाही. उचलणारी मुलगी कदाचित नवी मुंबईत बसली असेल. तिला व्हरायटी चौक माहीत असायचं काही कारण नाही. ती प्रश्न विचारते, संगणकावर नोंद करते, त्याला म्हणतात इव्हेंट. तो इव्हेंट त्या त्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो. तिथला डिस्पॅचर, म्हणजे गाडी पाठवणारा, पडद्यावर नकाशा बघतो. प्रत्येक गाडीला जीपीएस आहे, त्यामुळे ‘चौकातच आहे साहेब’ आता चालत नाही. जवळची गाडी निवडायची, गाडीतल्या टॅबवर माहिती जाते, गाडीतला अंमलदार ती घेतो आणि निघतो. बहुतेक वेळा तो तुम्हाला वाटेतून फोन करतो. तो अनोळखी नंबर असतो. कृपा करून उचला. आपल्याकडे लोक ११२ लावतात आणि नंतर अनोळखी नंबर म्हणून पोलिसांचाच फोन कापतात. मी स्वतः असे पाहिले आहेत.

म्हणजे तुमचा आवाज एका शहरात, गाडी दुसऱ्या शहरात, आणि मधे दोन माणसं. यातून एकच गोष्ट निघते, आणि आज मला तेवढीच सांगायची आहे. पहिलं वाक्य ‘वाचवा’ नको. पहिलं वाक्य पत्ता. आणि पत्त्यातला पहिला शब्द ‘नागपूर’.

हसू नका. गांधीनगर नागपुरात आहे, तसं कोल्हापूरजवळही आहे. शिवाजीनगर तर विचारूच नका, पुण्यात आहे, मुंबईत आहे, आपल्याकडेही आहे. ‘मी शिवाजीनगरातून बोलतोय, लवकर या’ असं म्हणून फोन ठेवलात, तर गाडी कुठल्या शिवाजीनगरात पाठवायची? तुम्ही म्हणाल, मोबाइलचं लोकेशन दिसतं ना. दिसतं. पण टॉवरवरून दिसणारं ठिकाण म्हणजे नकाशावरचं एक वर्तुळ. त्या वर्तुळात आपल्या लेआऊटची शेकडो घरं येतात. आणि कितवा मजला, हे कुठलंच वर्तुळ सांगत नाही.

म्हणून क्रम असा. नागपूर शहर. मग भाग. मग चौक किंवा मोठी खूण. मग सोसायटी, विंग, मजला, फ्लॅट. मग काय झालं आहे. मग कुणाजवळ हत्यार आहे का, कुणी जखमी आहे का, किती माणसं. पत्ता सांगून झाला आणि तेवढ्यात फोन तुटला, तरी गाडी निघू शकते. उलटं केलंत, म्हणजे आधी पाच मिनिटं हकीकत आणि मग फोन तुटला, तर हकीकत हातात आणि जायचं कुठे ते माहीत नाही.

दुसरं, ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय फोन ठेवू नका. ती प्रश्न विचारते म्हणजे वेळ घालवत नाही. लोक चिडतात, ‘बाई, प्रश्न काय विचारता, गाडी पाठवा!’ समोर चाकू असेल तर दोघा अंमलदारांची एक गाडी पाठवायची की आणखी माणसं लागतील, हे तिच्या प्रश्नांवरूनच ठरतं. चुकून लागला, पोराने खेळताना लावला, तर घाबरून कापू नका. ‘चुकून लागला’ एवढं सांगा. कापलात तर ते उलट फोन करतात आणि करायलाच पाहिजे.

बोलता येत नसेल तर? मोबाइलमध्ये पॅनिक बटणाची सोय करायला केंद्राने २०१६ मध्ये नियम केले. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवर बटण पटपट तीनदा. आता कंपनी कंपनीप्रमाणे सेटिंग वेगळं असतं, कुठे पाचदा दाबावं लागतं. आज घरी गेल्यावर आपापल्या पोट्ट्यांना धरा आणि तुमच्या फोनचं सेटिंग बघून घ्या. दाबून मात्र बघू नका, खरंच लागेल.

आता २३ सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. गणपतीचे दिवस होते. ती रात्र नागपुरात कुणी विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी झोपलेल्या माणसांच्या घरात शिरलं. माझे साडू डागा लेआऊटमध्ये तळमजल्यावर राहतात. घरात ते आणि त्यांच्या आई, वय ८१, अंथरुणावर. त्यांनी अंधारात फोन लावला, ओरडले, ‘पाणी आलं, पाणी आलं, लवकर या’ आणि फोन ठेवून आईकडे धावले. माणूस असंच करणार, मी दोष देत नाही. मग त्यांनी मला लावला. मी तेव्हा निवृत्त झालेलो. मी म्हटलं, दाजी, सगळ्या भागात पाणी आहे, आत्ता शेकडो फोन चालू असतील. ‘पाणी आलं’ सगळेच सांगताहेत. तुमच्या घरात वेगळं काय आहे ते सांगा.

दुसऱ्या फोनला ते म्हणाले, नागपूर, डागा लेआऊट, अमुक घर, तळमजला, पाणी गुडघ्याच्या वर, ८१ वर्षांची बाई, चालता येत नाही, उचलून न्यावं लागेल, वरच्या मजल्यावर शेजारी आहेत. तिकडून पहिली सूचना आली, बोटीची वाट बघू नका, शेजाऱ्यांना हाक मारा आणि आजींना वर न्या. चार जणांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं. बोट सकाळी आली. त्या दिवशी अग्निशमन दल, एसडीआरएफ, एनडीआरएफ, शेवटी लष्करही उतरलं, तरी शहरात काही जीव गेले.

हे सांगतो अशासाठी, की ज्या रात्री सगळेच हाक मारतात त्या रात्री कुणाकडे आधी जायचं हे कुणीतरी एका खोलीत बसून ठरवत असतं. ते काम मी केलं आहे. चांगली झोप लागत नाही त्यानंतर. त्या माणसाजवळ ठरवायला काय असतं? फक्त तुम्ही जे बोललात ते.

बरं, फोन कधी करायचा? लोक दोन टोकांना असतात. काहींना वीज गेली तरी ११२ आठवतो. लाईट गेले, नळाला पाणी नाही, कुत्रे भुंकतात, आपल्या जागेवर दुसऱ्याची गाडी, यासाठी हा नंबर नाही. पण त्याच पार्किंगवरून कॉलर धरली गेली, हातात रॉड आला, तर लगेच. मी स्वतःला दोन प्रश्न विचारायचो. आत्ता, या क्षणी कुणाच्या अंगाला धोका आहे का? करणारा अजून तिथेच आहे का? एकालाही ‘हो’ असेल, नव्हे, ‘असेल कदाचित’ असेल, तरी लावा. खात्री करून घेणं हे गाडीचं काम आहे. तुम्ही जिन्यात टॉर्च घेऊन चोर शोधत फिरू नका. दुसऱ्याला फसवायला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, पण शंका आली आणि ती चुकीची निघाली, तर तो गुन्हा नाही.

फसवणुकीचं वेगळं. पैसे खात्यातून गेले तर १९३०, आणि त्याच तासात, बँक उघडायची वाट न बघता. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पैसे लागत नाहीत. यावर जास्त बोलत नाही, नोटीस बोर्डावर कागद लावला आहे.

पण एका गोष्टीवर बोललं पाहिजे. मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, ‘हे तीन लोक लेआऊटमध्ये संशयास्पद फिरत आहेत, दिसले तर पकडून ठेवा.’ खाली तीस-चाळीस अंगठे. ती माणसं गाद्या पिंजणारी होती.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज महिनाभर मोबाइलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले. पाचही जणांना जमावाने ठार मारलं. त्या गावातली माणसं राक्षस नव्हती, आपल्यासारखीच, लेकरांच्या काळजीने बाहेर पडलेली. अनोळखी माणसाबद्दल शंका आली तर फोन करा, लांबून लक्ष ठेवा, कपडे, दिशा, गाडीचा नंबर सांगा. ‘पकडून ठेवा’ हा शब्द आपल्या ग्रुपवर पुन्हा नको. पकडलेल्या माणसाभोवती पाच मिनिटांत पंचवीस लोक होतात, आणि मग कुणाचंच कुणावर चालत नाही.

आता शेवटचं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, घरच्यांनाही नाही.

१९९८ च्या सुमारास मी दुसऱ्या भागात भाड्याने राहत होतो. नाईट करून आलो होतो, झोपायच्या तयारीत. वरच्या मजल्यावर नवरा-बायकोचं नेहमीचं. त्या दिवशी आवाज वेगळा होता. काहीतरी आपटल्याचा, मग बाईचा, मग एकदम काहीच नाही. फोन हाताशी होता. नंबर माझ्याच ऑफिसचा. मी विचार केला, लावला तर माझेच सहकारी येतील, घरमालकाला कळेल, वरच्यालाही कळेल, उद्या जिन्यात तोंड दाखवायचं आहे. घरचा मामला आहे. मी रेडिओ लावला. मोठ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई जिन्यात भेटली. हात पदराने गळ्यात बांधलेला, बरोबर भाऊ, माहेरी निघालेली. मी बाजूला झालो. ती थांबली आणि म्हणाली, ‘भाऊ, तुमी त कंट्रोल रूममंदीच असता न?’ राग नव्हता त्यात. खरंच विचारल्यासारखं विचारलं तिने. ती परत आली की नाही मला माहीत नाही, त्याच उन्हाळ्यात मी खोली बदलली.

२००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याप्रमाणे शेजाऱ्यालाही माहिती देता येते, आणि ती चांगल्या हेतूने दिली असेल तर त्याच्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही. तेव्हा तो कायदा नव्हता. पण खरं सांगतो, असता तरी मी त्या दिवशी फोन केला असता की नाही, माहीत नाही. मला कायद्याची भीती नव्हती, जिन्याची होती. म्हणून फोन करताना सांगा, माझं नाव त्या घरी कळू देऊ नका. हे सांगता येतं. आम्हाला लोक सांगायचे आणि आम्ही अंमलदाराला तसं बजावायचो.

(यानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी काही)

प्रश्न: रस्त्यावर अपघात बघितला तर? नंतर कोर्टात कोण चकरा मारणार?
– सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. नाव सांगायची सक्ती नाही. फोन करा, जखमीजवळ थांबा, ॲम्ब्युलन्स आली की निघा.

प्रश्न: माझं वय ७२. साक्षीसाठी स्टेशनला बोलावतील?
– नवीन संहितेत साठीच्या वरच्या माणसाला जबाबासाठी घराबाहेर बोलावण्याची सक्ती करता येत नाही. बायकांनाही नाही. पोलीस घरी येतील. चहा दिला तर घेतील.

प्रश्न: ११२ ला सांगितलं म्हणजे तक्रार झाली ना?
– नाही. इथे बरेच जण फसतात. ती फक्त मदत मागणं आहे. गुन्हा नोंदवायला एफआयआर वेगळा. तो कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येतो, ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. गाडी येऊन गेली, प्रकरण मिटलं असं समजून घरी बसू नका.

प्रश्न: आपल्या सोसायटीत गाडी आली तर सापडेल का?
– हा प्रश्न मी विचारायला सांगितला होता. (हशा) सापडणार नाही. मोबाइलच्या नकाशावर आपलं मागचं गेट दिसतं, ते तीन वर्षं कुलूपबंद आहे. पुढच्या गेटवरचं नाव बोगनवेलीत गेलं. बी विंगवर ‘बी’ लिहिलेलंच नाही, पंचवीस वर्षं आपल्याला माहीत आहे म्हणून. रात्री कुणी खाली उभं राहून टॉर्च दाखवेल, असं ठरलेलं नाही. चौकीदार नवीन आहे, त्याला सोसायटीचं पूर्ण नाव येत नाही, मी काल विचारलं. रविवारी सकाळी दहाला पेंटर येतो आहे. वेल छाटायला विळा लागेल आणि दोन जण लागतील. चौकीदाराच्या टेबलाजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं आहे: नागपूर, मग भाग, मग चौक, मग आपण. मागच्या गेटची चावी कुणाकडे आहे, ते कमिटीने आजच सांगावं.

(चावी सी विंगच्या मीटर बॉक्समध्ये सापडली. – संपादक मंडळ)